हलके काम

पहिल्या चिठ्ठीत मी दोनच शब्द लिहिले होते, हलके काम.
खाली सही, शिक्का, तारीख.
ओपीडीत एकशे दहावा नंबर चालू होता,
माझ्या मते मी माझं काम केलं होतं.

चार दिवसांनी अयोध्या डोंगरदिवे परत आली.
गंगाखेड आगार, वाहक, पाचवा महिना.
खाकी ड्रेसची खालची गुंडी आता लागत नव्हती.
चिठ्ठी टेबलावर ठेवली, चार घड्यांची,
घामानं शाई फुटलेली.
"साहेब म्हणले, तिकिटाचं मशीन अर्ध्या किलोचं.
याच्याहून हलकं काम आगारात कुठून आणू?"

मी हसले. ती हसली नाही.

तेव्हा विचारलं, दिवस कसा जातो?
इतक्या महिन्यांत हे विचारलंच नव्हतं.
वजन विचारलं होतं, पाळीची तारीख, गोळ्या घेता का.

"पहाटं पाचची सोनपेठ. उभीच.
गाडी भरली की पहिली माझीच जागा जाती,
म्हातारं माणूस दिसलं की उठावंच लागतंय.
एक हात दांडीला, एक मशीनला,
खड्डा आला की पोटाला धरायला तिसरा कुठला?
पाणी पीत नाही मी.
पेलं की उतरायचं कुठं?
शेवटच्या थांब्यावर मुतारी हाय, तिला दार नाही."

लघवीत दोनदा जंतू निघाले होते.
दोनदा मी गोळ्या लिहून दिल्या होत्या.
रिपोर्टमध्ये दाराचा रकाना नसतो.

म्हटलं, संपूर्ण विश्रांती लिहिते.
तिनं माझा हात धरला, पेनासकट.
"आराम नका लिहू, मॅडम.
आराम लिहिला की घरी बसवतेत, बिनपगारी.
घरी बसून काय आराम खाऊ?
काम करायलेच की मी. कसं करायचं, तेवढं लिहा."

अंबाजोगाईला शिकताना
वार कुठं कुठं चिकटते, सगळं पाठ होतं मला.
चिठ्ठी कशी लिहायची, ते परीक्षेत कधी आलं नाही.

दुसरीला वीस मिनिटं लागली.
बाहेर रांग कुरकुरली, मावशी दोनदा डोकावल्या.
चालत्या गाडीतले काम प्रसूतीपर्यंत देऊ नये.
बसून करायची सर्व कामे त्या करू शकतात:
पास, आरक्षण, चौकशी, हिशेब.
दर दोन तासांनी दहा मिनिटे. पाणी.
स्वच्छतागृह, आणि कंसात नाही, ठळक: दार असलेले.
तपासणीच्या दिवशी दुपारची पाळी.
शंका असल्यास फोन करावा, खाली नंबर.
रक्त किती, आधीचं एक कसं गेलं,
ते नाही लिहिलं.
ते आगाराचं नव्हतं.

फोन आला. साहेब वाईट नव्हते,
त्यांच्याकडेही माणसं कमी, वर त्यांचेही साहेब.
"चौकशीच्या खिडकीवर घेतो, मॅडम.
पण तिथं खुर्ची नाही हो."
तिसरी चिठ्ठी एका ओळीची होती.

आमचा दवाखाना स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून.
कुणाचं तरी पोट तपासत असते, कानात नळ्या,
तरी भोंग्यातून ती येतेच:
परळीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर
मध्येच थांबते.
पाणी पीत असेल.

मधल्या काळात आणखी दोघी आल्या,
एक शाळेत खिचडी शिजवणारी, एक जिनिंगमधली.
"अयोध्याताईला दिली तसली चिठ्ठी द्या."
तसली नाही, म्हटलं. बसा.
पहाटेपासून सांगा.

काल भोंग्यात पुरुषाचा आवाज होता.
भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अजून अकरा दिवस.
समोरच्या बाईला म्हटलं, थांबा जरा,
आणि फोन उचलला.